पहिल्यांदाच जातेयस, म्हणून सांगते

प्रेमकथा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांच्या मेळाव्याला घरची सगळी कपाटं उचलून नेऊ नकोस बाई. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७ वं साहित्य संमेलन झालं, तेव्हा मी अकरा कादंबऱ्या पिशवीत कोंबल्या. जळगावच्या फलाटावरच बंद तुटला! सह्या मिळाल्या दोन.

दोनच ने. आणि सासूबाईंच्या धाकाने चढवलेलं वर्तमानपत्राचं कव्हर घरीच काढ. तिथे कुणी नाक मुरडत नाही. सहीसाठी आपलं नाव चिठ्ठीवर ठळक लिहून पानात ठेव, नाहीतर ‘सुनीता’ची ‘सुनिता’ होते. परिसंवाद सगळे ऐकायची गरज नाही, मलाही झोप येते. लेखिका जेवणाच्या रांगेत भेटतात, भरीत वाढून घेताना. तिथेच विचार, नायक इतका चिडका का केलात?