सुरक्षा व्यवस्थापनात पदव्युत्तर शिक्षण घेण्यापूर्वी

औद्योगिक सुरक्षेत एम.टेक. करण्याचा तुमचा विचार चांगला आहे. मात्र शुल्क भरण्यापूर्वी त्या पदवीला राज्य शासनाची मान्यता आहे का, हे लेखी विचारून घ्या. कारखान्यात कायद्याने नेमलेला सुरक्षा अधिकारी व्हायचे असेल, तर विद्यापीठाची पदवी आहे एवढ्यावर भागत नाही. म्हणूनच मी मुंबईतील शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेची किंवा राज्य तंत्रशिक्षण मंडळाची एक वर्षाची पदविका आधी करायला सांगतो. 1948 च्या कारखाने अधिनियमात असा अधिकारी नेमण्याची सर्वसाधारण मर्यादा 1000 कामगारांची होती. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने ती 500 वर आणि धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांसाठी 250 वर आणली, तेव्हा मध्यम कारखान्यांतही या शिक्षणाला मागणी राहील.

महाविद्यालय निवडताना इमारतीपेक्षा प्रकल्पकाम प्रत्यक्ष कारखान्यात करायला मिळते का, ते पाहा. खरे धोके तिथेच कळतात. उदाहरणार्थ, सांडपाण्याच्या टाकीत माणूस उतरवण्यापूर्वी वायुमापक नुसता झाकणापाशी धरून आत उतरण्याच्या परवान्यावर सही करणे जीवघेणे ठरते, कारण हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. म्हणून वर, मध्ये आणि तळाशी, तिन्ही पातळ्यांवर मोजणी करावी लागते आणि ऑक्सिजन 19.5 टक्क्यांहून कमी असेल तर काम थांबवावेच लागते. उत्पादनाची घाई असताना व्यवस्थापकासमोर हे ठामपणे सांगण्याचा सराव विद्यार्थिदशेतच, एखाद्या अनुभवी अधिकाऱ्याच्या हाताखाली करा, आणि कंत्राटी कामगारांशी त्यांच्या भाषेत बोलायला शिका.