दूरच्या भविष्यातल्या युद्धकादंबरीत दोन प्रतिस्पर्धी मारेकऱ्यांचं शेवटचं द्वंद्व कसं लिहावं?

तुमची कादंबरी दहा हजार वर्षांनंतर घडते, दोन साम्राज्यांचं युद्ध चालू आहे, दोन्हीकडून एकेक मारेकरी निघालाय आणि ते एकमेकांच्या मागावर आहेत. त्यांना शस्त्रं कुठली द्यावीत, शेवटचं द्वंद्व कसं रंगवावं आणि त्यात कोण जिंकावं, असं तुम्ही विचारलंय.

शस्त्रांचं लवकर उरकतो. सुरी द्या, विष द्या, किरण सोडणारं काही द्या, वाचक तिथे अडत नाही. फक्त मोकळ्या अवकाशात यान लपवत आणू नका. माणूस नुसता बसून राहिला तरी शंभरेक वॅट उष्णता बाहेर टाकतो, यंत्रांची उष्णता वेगळीच, आणि भोवतालचं आकाश उणे २७० अंश सेल्सिअसचं. त्या गारठ्यात कोमट यान म्हणजे अमावास्येच्या रात्री शेतातून चूड पेटवून चालणं. मारेकऱ्याला लपायला बंदर लागतं, गर्दी लागते, पंगत लागते.

द्वंद्वाबद्दल मात्र मी सविस्तर लिहिणार आहे, कारण हाच प्रश्न मी १९९७ साली सोडवला होता आणि माझं उत्तर माझ्या डोळ्यांदेखत रंगमंचावरून काढून टाकण्यात आलं.

आमचा गाव गोव्यात, फोंडा तालुक्यातला. देवळाच्या कालोत्सवात रात्री नाटक होतं, गावातलेच लोक काम करतात, आणि नाटक बहुतेक पौराणिक नाहीतर ऐतिहासिक असतं. मी उच्च माध्यमिकमध्ये भौतिकशास्त्र शिकवत होतो. त्या वर्षी मी हट्टाने दोन अंकांचं विज्ञाननाटक लिहिलं. नाटकात दोन मारेकरी. त्यांची नावं मी कौटिल्याकडून घेतली, तीक्ष्ण आणि रसद. अर्थशास्त्रात हेरांचे प्रकार सांगितलेत त्यात हे दोन येतात. पैशांसाठी जिवावर उदार होऊन हत्तीशीही झुंजेल तो तीक्ष्ण, आणि ज्याला सख्ख्या नात्यातल्यांचीही माया नाही, जो क्रूर आणि आळशी आहे, तो रसद, म्हणजे विष देणारा. (शिधासामग्रीच्या रसदेशी त्याचा संबंध नाही.) तिथेच उभयवेतन हा प्रकारही आहे. शत्रूकडे जाऊन त्याचाही पगार घेणारा आपला माणूस. तो फिरू नये म्हणून राजाने त्याची बायकामुलं आपल्या ताब्यात ठेवावीत, असं कौटिल्य स्पष्ट सांगतो. माझ्या तीक्ष्णाचा पाच वर्षांचा मुलगा असाच मागे ओलीस होता.

आता हिशेब बघा, कारण नाटक या हिशेबावर उभं होतं. दोघं पन्नास प्रकाशवर्षं प्रवास करून, विरुद्ध दिशांनी, एकाच थांब्यावर येतात. वेग प्रकाशाच्या ९९ टक्के. पाठवणाऱ्यांच्या घड्याळात या प्रवासाला साडेपन्नास वर्षं लागतात, यानातल्या घड्याळात सात, कारण इतक्या वेगात यानातला काळ संथ जातो. तिसाव्या वर्षी निघालेला तीक्ष्ण सदतिसाव्या वर्षी उतरतो आणि तिकडे त्याचा मुलगा पंचावन्नचा झालेला असतो, बापापेक्षा अठरा वर्षांनी मोठा. हुकूम मागे घेणारा निरोप प्रकाशाच्या वेगाने आला तरी त्याला पन्नास वर्षं हवीत. म्हणजे तो निघाल्यापासून पहिल्या सहा महिन्यांत सुटला तरच मारेकऱ्याच्या आधी पोचेल. माझ्या नाटकात तह सातव्या महिन्यात होतो. त्याची बातमी थांब्यावर पोचते ती मारेकरी उतरल्यानंतर महिनाभराने.

तो महिना म्हणजे दुसरा अंक. दोघं एकमेकांना ओळखतात, एकमेकांच्या हातचं पाणीही पीत नाहीत, आणि थांब्यावरच्या बाकीच्या लोकांना त्या दोघांची भाषा म्हाताऱ्यांची वाटते. पन्नास वर्षांपूर्वीचे शब्द, पन्नास वर्षांपूर्वीचे राजे. त्या सगळ्या विश्वात एकमेकांच्या काळातली अशी ही दोनच माणसं. मग तहाचा निरोप येतो, त्यासोबत सोडून दिलेल्या ओलिसांचे आवाज येतात, आणि तीक्ष्णाला आपल्या मुलाचा आवाज ऐकू येतो. साडेपाच वर्षांचा. रसद तो आवाज दुसऱ्यांदा लावायला सांगतो. मग तो स्वतः पेज वाढतो आणि तीक्ष्ण ती पितो. विष देणाऱ्याच्या हातची. पडदा.

हा शेवट पंधरा दिवस तालमीत झाला. आमचे पेटीवाले रोज दहाच्या ठोक्याला पेटी बंद करून निघायचे, ते या प्रवेशाला थांबू लागले होते. मुलाचा आवाज आम्ही माझ्या भाच्याचा कॅसेटवर घेतला होता.

प्रयोगाच्या रात्री मी विंगेत प्रॉम्प्टिंगला बसलो होतो. तहाचा निरोप आला आणि कॅसेट लागलीच नाही. दिवे लाल झाले, आणि तीक्ष्ण करणाऱ्या माझ्या मित्राने, जो दिग्दर्शकही होता, कमरेची पत्र्याची तलवार उपसली. रसदाकडेही तलवार आली. दहा मिनिटं दोघं लढले. त्याची वेगळी तालीम झालेली होती, माझ्या माघारी. तीक्ष्ण जिंकला, मंडपात टाळ्या आणि शिट्ट्या झाल्या. मी हातात शेवटची चार पानं धरून बसलो होतो. नंतर रंग उतरवताना तो मला म्हणाला, “लोकांक झूज जाय रे, उलोवणें न्हय.” (लोकांना लढाई हवी रे, बोलणं नव्हे.) पुढे म्हणाला, हुकूम मिळाल्यावर मारत नाही तो मारेकरी कसला?

त्याला मी तेव्हा उत्तर दिलं नाही. ते आता देतो, कारण तुमच्या प्रश्नात तेच गृहीत धरलेलं आहे.

गोव्यात राहणाऱ्याने तरी असं म्हणू नये. १४ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने लिस्बनहून इथल्या गव्हर्नर जनरलला कळवलं की शरणागती नाही, आपले सैनिक एकतर विजयी नाहीतर मृत. त्या गव्हर्नर जनरलने, वासालू इ सिल्वाने, १९ तारखेला शरणागतीवर सही केली. हजारो सैनिक जिवंत घरी गेले आणि त्याला लिस्बनने सैन्यातून काढून टाकलं. वसाहतीच्या त्या नोकराबद्दल मला प्रेम नाही, पण दूर बसून मरायला सांगणारा आणि जागेवर उभा असलेला यांच्यात काय अंतर असतं ते त्या पाच दिवसांत दिसतं. आणि तेव्हा तर संदेश क्षणात पोचत होते. चारशे वर्षं मागे गेलात तर लिस्बनहून गलबत यायला सहाएक महिने, तेही वाऱ्याच्या मर्जीने. २५ नोव्हेंबर १५१० ला गोवा जिंकणारा आफोंसो द आल्बुकेर्क १५१५ मध्ये होर्मूझहून परतत होता, तेव्हा त्याला समुद्रावरच कळलं की राजाने त्याच्या जागी त्याच्या वैऱ्याला नेमलंय. १६ डिसेंबरला गोव्याच्या किनाऱ्यासमोर तो जहाजावरच मेला. इथल्या मुसलमानांची कत्तल करणाऱ्या त्या माणसाची मला कणव येत नाही. पण राजाने निर्णय घेतला तो जुन्या बातम्यांवर, आणि तो इथे पोचेपर्यंत इकडची परिस्थिती बदललेली होती. प्रकाशवर्षांवरचं साम्राज्य असंच चालणार. तुमचे मारेकरी कायम कालबाह्य हुकूम घेऊन उतरणार, आणि ते त्यांना माहीत असणार. ही गोष्ट सोडून तुम्ही तलवारीची पानं लिहिलीत तर दहा हजार वर्षं पुढे जायची गरजच नव्हती, शिवकाळात लिहा.

हे सगळं लागू पडतं ते तुमच्या कादंबरीत प्रकाशापेक्षा वेगवान यान किंवा संदेश नसेल तरच. तसं काही असेल तर माझा हिशेब मोडतो, मग तुम्हाला हवं ते द्वंद्व लिहा. आणि मारामारी वाईट असंही मी म्हणत नाही. पहिल्या भागात दोघांपैकी प्रत्येकाने एक खून करून दाखवला पाहिजे, नाहीतर पुढे पेजेचा वाडगा हातात घेताना वाचकाला भीती वाटणार नाही. माझ्या नाटकात पहिल्या अंकात रसद एका पाहुण्याला विष देतो, ते मित्राने ठेवलं होतं आणि चांगलं बसवलं होतं, हे मान्य करायला हवं.

कोण जिंकतो, हे तुम्ही विचारलंय. मी दोघांनाही जिवंत ठेवलं असतं. पुढे ते काय करतील ते मी लिहिलेलं नाही.

तो मित्र अजून आमच्या गावची नाटकं बसवतो, आणि अजूनही चारचौघांत म्हणतो की मास्तरांचा शेवट ठेवला असता तर मंडप रिकामा झाला असता. तो हे वाचेल, कारण त्याची सून त्याला असलं सगळं मोबाइलवर दाखवते. त्याला सांगतो, ती चार पानं माझ्या कपाटात आहेत. कॅसेट खराब झाली आणि भाच्याचा आवाज आता फुटलाय, पण त्याची मुलगी पाच वर्षांची आहे. यंदाच्या कालोत्सवात मुख्य नाटकाआधी वीस मिनिटं दे. तू तीक्ष्ण कर, रसद मी करतो.