ताई, ६१ टक्क्यांवर अमेरिकेत जिऑलॉजीची पीएचडी मिळेल का?

प्रश्न: ताई नमस्कार, मी एमएस्सी जिऑलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गाव कराडजवळ. डेझर्टेशन डेक्कन ट्रॅपमधल्या (सह्याद्रीतल्या लाव्हाच्या थरांतल्या) डाइकवर, म्हणजे भेगांत थिजलेल्या लाव्हाच्या भिंतींवर चालू आहे. पुढं अमेरिकेत पीएचडी करायचीय पण बीएस्सीला ६१ टक्केच पडलेत आणि घरचे म्हणतात तीस-चाळीस लाख आणायचे कुठून. जीआरई (तिकडच्या प्रवेशासाठीची परीक्षा) द्यावी का? वीस-पंचवीस युनिव्हर्सिट्यांत फॉर्म टाकले तर एखाद्या ठिकाणी तरी लागेल ना?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर: आधी पैशाचं बोलू म्हणजे घरचे शांत होतील. एवढा खर्च येतो तो बहुतेक मास्टर्सला, पीएचडीला तिकडं सहसा फी माफ असते आणि वर दरमहा स्टायपेंड मिळतो, त्याबदल्यात तू टीए म्हणून ज्युनिअर पोरांची प्रॅक्टिकल्स घ्यायची नाहीतर आरए म्हणून गाइडच्या प्रोजेक्टवर राबायचं. फंडिंग नसलेली ऑफर आली तर सरळ नाही म्हण. खिशातून जातं ते फॉर्मची फी, इंग्रजीची टोफेल किंवा आयईएल्टीएस परीक्षा, व्हिसा, विमान.

आणि पंचवीस फॉर्म कशाला रे? जिऑलॉजीत ॲडमिशन कागदावर युनिव्हर्सिटी देते, पण खरं बघितलं तर एखाद्या प्रोफेसरकडं ग्रँट आणि जागा असावी लागते आणि 'हा मुलगा मला हवाय' असं त्यानं कमिटीत म्हणावं लागतं, नाहीतर बरा फॉर्मसुद्धा पडून राहतो. म्हणून सहा-सात जणच निवड, त्यांचे पेपर खरंच वाच आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात मेल कर, कारण डेडलाइन बऱ्याचशा डिसेंबर-जानेवारीत असतात. 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी मच इंटरेस्टेड इन युवर एस्टीम्ड लॅब' छापाचा मेल कुणी उघडत पण नाही. डाइकची दिशा कुठं कुठं मोजलीस, थिन सेक्शनमध्ये (मायक्रोस्कोपखालच्या दगडाच्या पातळ कापात) काय दिसलं, कुठं अडलास, हे दहा ओळीत लिही.

तुझा विषय तर सोन्यासारखा आहे. २०१९ मध्ये 'सायन्स'मध्ये एकदमच दोन पेपर आले, प्रिन्स्टनवाल्यांनी युरेनियम-लेड पद्धतीनं आणि बर्कलेवाल्यांनी आर्गॉन-आर्गॉन पद्धतीनं आपल्याच सह्याद्रीतल्या लाव्हाचं वय काढलं, साधारण ६.६ कोटी वर्षं, पण लाव्हा टप्प्याटप्प्यानं आला की जवळजवळ सलग, यावर दोघांचं जुळलं नाही. डायनासोर संपले त्यात या लाव्हाचा हात किती, हा वाद त्यातूनच चालू राहिला. असा लाव्हा ज्या भेगांतून वर येतो तसल्या भेगांतले डाइक तू हातोडा घेऊन बघतोयस, मग एसओपीत (अर्जासोबतच्या निवेदनात) 'लहानपणापासून दगडांची आवड' कशाला लिहायचं?

६१ टक्के थोडे नडतील, काही ठिकाणी किमान जीपीएची अट असते, ती वेबसाइटवर बघूनच फी भर. बाकी एमएस्सीचे मार्क आणि डेझर्टेशन सांभाळून घेतात. रेकमेंडेशन लेटर तीन लागतात, ती प्राचार्यांच्या शिक्क्यासाठी घेऊ नको, तुझ्याबरोबर फिल्डवर उन्हात फिरलेल्या सरांकडून घे आणि महिनाभर आधी सांग. जीआरई बऱ्याच डिपार्टमेंटनी बंद केलीय, लिस्टमधलं कुणी मागत असेल तरच दे.

ऑफर आली आणि लगेच सही कर म्हणून मागं लागले तर घाबरू नको, फंडिंगच्या ऑफरवर बहुतेक युनिव्हर्सिट्या १५ एप्रिलपर्यंत वेळ देतात. तोवर सीएसआयआर नेटचा अर्थ सायन्सचा पेपर पण देऊन ठेव. जेआरएफ (त्या परीक्षेतून मिळणारी संशोधनाची फेलोशिप) मिळाली तर हैदराबादची भूभौतिकीची संस्था एनजीआरआय आहे, आयआयटी मुंबई आहे, आणि भूकंपाकडं वळायचं असेल तर कोयनेच्या खोल बोअरहोलवर काम करणारी लॅब तुझ्या कराडातच आहे.