राजापूर मतदारसंघाचा इतिहास लिहिणाऱ्या विद्यार्थिनीस

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

राजापूर लोकसभा मतदारसंघाच्या निवडणूक इतिहासाचा तू पाठवलेला आराखडा दोनदा वाचला. १९५७, १९६२ आणि १९६७ मध्ये समाजवादी नाथ पै. १९७१ पासून १९८९ पर्यंतच्या पाचही निवडणुकांत समाजवादीच मधु दंडवते. १९९१ मध्ये काँग्रेसचे सुधीर सावंत. १९९६ पासून २००४ पर्यंत सलग चार वेळा शिवसेनेचे सुरेश प्रभू. आणि पुढे रत्नागिरी-सिंधुदुर्ग या नव्या नावाखाली २००९ मध्ये काँग्रेसचे नीलेश राणे, २०१४ आणि २०१९ मध्ये शिवसेनेचे विनायक राऊत व २०२४ मध्ये भाजपचे नारायण राणे, हा क्रम तू अचूक मांडला आहेस. परंतु त्यावरून तळकोकणातला माणूस आधी समाजवादी होता आणि नंतर शिवसैनिक झाला, असा जो निष्कर्ष तू पहिल्याच पानावर काढला आहेस, तो मला मान्य नाही. निवडून कोण आले हे तुझा तक्ता सांगतो. निवडून कोणी दिले हे सांगत नाही, आणि तुला लिहायचा आहे तो इतिहास या दुसऱ्या प्रश्नाचा आहे.

सुरुवात नकाशापासून कर. राजापूर हे नाव अर्धशतक टिकले, म्हणून त्याच्या सीमाही टिकल्या असे गृहीत धरू नकोस. महाराष्ट्रातील लोकसभेच्या जागा १९६२ मध्ये ४४ होत्या, १९६७ मध्ये ४५ झाल्या आणि १९७७ मध्ये ४८. प्रत्येक फेररचनेत कोणता तालुका कुठे गेला हे परिसीमनाच्या आदेशातून स्वतः उतरवून घे. २००८ च्या पुनर्रचनेत तर राजापूर हे नावच गेले. चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी हे सहा विधानसभा मतदारसंघ एकत्र आले, तर गुहागर आणि दापोली रायगडला जोडले गेले. त्यामुळे २००४ मध्ये जिंकलेले प्रभू २००९ मध्ये हरले या वाक्यातील दोन्ही निवडणुकांचे मतदार वेगवेगळे आहेत. हा पराभव सुमारे ४७ हजार मतांचा होता. त्याचे किती श्रेय २००५ मध्ये शिवसेना सोडून काँग्रेसमध्ये गेलेल्या नारायण राणे यांच्या संघटनेला आणि किती नव्या सीमांना, याचा हिशेब केल्याशिवाय त्या प्रकरणात कोणतेही विशेषण वापरू नकोस.

दुसरी सावधगिरी पक्षाच्या रकान्याबाबत. दंडवते १९७१ मध्ये प्रजासमाजवादी पक्षातर्फे निवडून आले. १९७७ च्या सरकारी अहवालात त्यांच्यापुढे भारतीय लोकदल दिसते, कारण जनता पक्षाने ती निवडणूक लोकदलाच्या नांगरधारी शेतकऱ्याच्या चिन्हावर लढवली होती. १९८० आणि १९८४ मध्ये तेथे जनता पक्ष येतो आणि १९८९ मध्ये जनता दल. तुझ्या आलेखात या पाच निवडणुकांना चार रंग पडले आहेत आणि खाली तू 'पक्षांतराचा काळ' असे लिहिले आहेस. माणूस तोच होता, बहुतांश कार्यकर्तेही तेच होते. पाट्या दिल्लीत बदलत गेल्या. तो मथळा काढून टाक.

१९५७ च्या मतदान केंद्राचे चित्रही तुझ्या डोळ्यांपुढे असायला हवे. तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नव्हता. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, तिच्यावर त्याचे चिन्ह डकवलेले असे, आणि मतदाराने हातातला कागद आपल्या पसंतीच्या पेटीत टाकायचा. वेंगुर्ल्याच्या नाथ पैंचा तो पहिला विजय प्रजासमाजवादी पक्षाच्या झोपडीचे चित्र असलेल्या पेटीतून आला. ती निवडणूक संयुक्त महाराष्ट्राची होती. झोपडीत पडलेला कागद समाजवादासाठी किती आणि मुंबईसह मराठी राज्यासाठी किती, हे पेटी सांगत नाही. माझ्या मते दुसरे कारण अधिक प्रबळ होते. पुढच्या दोन विजयांना मात्र ते पुरत नाही, कारण १९६० मध्ये राज्य मिळाले होते आणि काँग्रेसचा जोर राज्यभर परतला होता. त्यानंतर मतदाराने जो निवडला तो माणूस होता. संसदेला मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत असे ठरवणाऱ्या गोलकनाथ खटल्याच्या निकालानंतर घटनादुरुस्तीचा संसदेचा अधिकार स्पष्ट करणारे खासगी विधेयक मांडणारा आपला खासदार आहे, याचा अभिमान गावोगावच्या पडव्यांत बोलून दाखवला जात असे.

यापुढचा भाग तुझ्या आराखड्यात अजिबात नाही, आणि माझ्या दृष्टीने तोच गाभा आहे. या मतदारसंघाचा निम्मा संसार मुंबईत होता. तरुणपणी एका वाडीत मतदार यादी घेऊन मी घरोघर फिरत होतो. एका पडवीत म्हातारी सुपात तांदूळ निवडीत बसली होती. मी नावे वाचत गेलो आणि ती मान वर न करता प्रत्येक पुरुषाच्या नावाला 'म्हमयक', 'म्हमयक' (मुंबईला) एवढेच म्हणत गेली. शेवटी तिचे आणि दोन सुनांचे अशी तीनच नावे उरली. गिरणीतून येणाऱ्या मनीऑर्डरीवर घर चाले, पण मतदानाच्या दिवशी घरी बायकाच असत. रत्नागिरीत २०११ च्या जनगणनेतही हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १,०३६. म्हणजे या मतदारसंघाचा इतिहास मोठ्या अंशी स्त्री मतदारांचा इतिहास आहे, आणि तुझ्या चाळीस पानांत स्त्री एकदाही आलेली नाही.

चाकरमानी मत द्यायला आला नाही तरी त्याचे मत गावी पोचत असे, पत्रातून आणि गणपतीच्या मुक्कामात. म्हणून अहमदनगरात जन्मलेले आणि मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे दंडवते या मातीला परके वाटले नाहीत. १९७१ चा निकाल लिहिताना हे ध्यानात ठेव. त्या वर्षी काँग्रेसने राज्यातल्या ४५ पैकी ४२ जागा जिंकल्या. प्रजासमाजवादी पक्षाला सबंध देशात दोनच मिळाल्या, बंगालमधील कांथी आणि राजापूर. नाथ पै १८ जानेवारीला बेळगावात गेले आणि निवडणूक मार्चमध्ये झाली. त्या मतांत दुःखाचा वाटा मोठा होता, असे मला ठामपणे वाटते. सहानुभूती हे कारण १९८४ मध्ये, इंदिरा गांधींच्या हत्येनंतर, मात्र उलट बाजूला होते, तरीही काँग्रेसच्या ४३ जागांच्या महापुरात दंडवते टिकले. त्या निकालावर तू एक परिच्छेद लिहिला आहेस. तेथे स्वतंत्र प्रकरण हवे.

'विकास केला म्हणून निवडून आले' हे तुझे वाक्य मात्र खोडून टाक. कोकण रेल्वेसाठी दंडवत्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, ते अर्थमंत्री असताना जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले, आणि वर्षभरातच, १९९१ मध्ये ते हरले. मार्ग पूर्ण खुला झाला तो २६ जानेवारी १९९८ रोजी, प्रभूंच्या काळात. १९९१ चा उलगडा काँग्रेसच्या विजयी मतांपेक्षा पराभूत उमेदवारांत मते कशी वाटली गेली, त्यात शोध. त्याआधी १९९० ची विधानसभा पाहा, जिथे मालवणमधून शिवसेनेचे नारायण राणे निवडून आले. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपाने चाकरमान्याचे घर मोडले होते. त्याचा मुलगा गिरणगावातल्या शाखेत जात होता, आणि गावी येणारी पत्रे आता तो लिहीत होता. शिवसेना राजापुरात परळ-लालबागच्या वाटेने आली, असे माझे मत आहे. तू ते तपासून पाहा आणि चुकीचे ठरले तर तसे निःसंकोच लिही.

२०१४ पासूनच्या निकालांसाठी नमुना २० या सरकारी निकालपत्रकातील मतदान केंद्रनिहाय आकडे घे. राऊत दोन्ही वेळा जवळपास दीड लाख किंवा त्याहून अधिक मतांनी जिंकले आणि २०२४ मध्ये सुमारे ४८ हजारांनी हरले. येथे भाजपचा तो पहिला विजय. शिवसेना दुभंगल्यानंतरची ही निवडणूक असल्याने चिपळूण ते सावंतवाडी सहाही विभागांचे आकडे वेगवेगळे मांड, एकत्र बेरीज करू नकोस.

मे महिन्यात गावी जाशील तेव्हा तुझ्या वाडीची मतदार यादी बरोबर ने. आजीला एकेक नाव वाचून दाखव, आणि ती जे म्हणेल ते त्या नावापुढे तिच्याच शब्दांत लिहून आण. ती पाने घेऊनच पुढच्या भेटीला ये.

तुझा,
एक जुना शिक्षक