'समेट' की 'सलोखा'? मेलबर्नच्या दुकानाची पाटी

प्रश्न असा: मेलबर्नमधल्या एका किराणा दुकानाला 'अक्नॉलेजमेंट ऑफ कंट्री', म्हणजे दुकान ज्यांच्या भूमीवर आहे त्या मूळ रहिवाशांना मान देणारा मजकूर, मराठीत हवा आहे. मसुद्यात 'देशाचे ऋण', 'ट्रॅडिशनल ओनर्स'साठी 'वतनदार' आणि 'रिकन्सिलिएशन'साठी 'समेट' हे शब्द आहेत.

तिन्ही बदलावेत. 'देशावर जाणे' यातला 'देश' मूळ अर्थाच्या जवळ आहे, पण पाटीवर वाचणाऱ्याला राष्ट्रच दिसेल, 'भूमी' घ्या. 'ऋण' आपण स्वखुशीने दिलेल्याचे मानतो. ही भूमी कोणी दिलेली नाही, म्हणून 'अभिवादन' बरे.

सर्वांत मोठी चूक 'वतनदार'. वतन राजा देतो आणि काढूनही घेतो. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने ३ जून १९९२ रोजी माबो खटल्यात नेमके उलटे सांगितले: मूळ रहिवाशांचा हक्क त्यांच्या स्वतःच्या कायद्यातून आणि रूढीतून येतो, राजसत्तेच्या देणगीतून नव्हे. 'राखणदार' मोहात पाडतो, पण कोकणात तो वेशीवरचा देव आणि इतरत्र पगारी पहारेकरी. सरळ 'परंपरागत मालक' लिहा.

'समेट' म्हटले की भांडणारे दोघे बरोबरीचे आणि दोघांनीही थोडे सोडायचे, असे मनात येते. 'तडजोड' त्याहून वाईट. 'सलोखा' शब्दात अशी देवाणघेवाण गृहीत नाही, नाते नीट होणे आहे. तोच ठेवा.

मजकूर असा चालेल:

'आमचे दुकान वुरुंजेरी वोई-वुरुंग लोकांच्या भूमीवर आहे. या भूमीवरचा हक्क त्यांनी कधीही सोडलेला नाही. या परंपरागत मालकांना, त्यांच्या पूर्वजांना आणि आजच्या जाणत्या ज्येष्ठांना आमचे अभिवादन.'

'राहत होते' असा भूतकाळ कटाक्षाने टाळा. ते लोक आजही तिथेच आहेत. 'आदिवासी' म्हणण्याआधी समाजाचे नाव हवे, आणि ते पत्ता पाहूनच लिहा. व्हिक्टोरिया राज्याच्या मूळ रहिवासी वारसा परिषदेने आखलेली, २०२१ पासून लागू असलेली हद्द मेलबर्नमधूनच जाते: शहराचा मध्यभाग वुरुंजेरींकडे, सेंट किल्डा बुनुरोंगांकडे. शीर्षकात 'स्वागत' नको. 'वेलकम टू कंट्री' हा मान फक्त त्या भूमीच्या मालकांचा. अभिवादन कोणीही करू शकते.

'रिकन्सिलिएशन ॲक्शन प्लॅन' (सलोख्यासाठी संस्था करतात तो कृती आराखडा) हे विशेषनाम आहे, त्याचे भाषांतर करू नका. रिकन्सिलिएशन ऑस्ट्रेलिया या संस्थेची मंजुरी असेल तरच ते वापरा. नसेल तर 'सलोख्यासाठी आम्ही काय करतो' असे लिहून खाली प्रत्यक्ष कामे द्या: मूळ रहिवाशांच्या कोणत्या व्यवसायाकडून कोणता माल घेता, किती जणांना नोकरी दिली.