फिटनेसचे ध्येय कसे ठरवावे, म्हणजे ते दोन महिन्यांत बारगळणार नाही?

तुम्ही लिहिले आहे की वय ४१, काम बैठे, वजन ८४ किलो आणि घर कोथरूडला. नोव्हेंबरअखेरपर्यंत, म्हणजे सहा महिन्यांत, १२ किलो वजन उतरवायचे आणि सिंहगड न थांबता चढायचा, असे ठरवले आहे, पण आजवर दर वेळी असे संकल्प दोन महिन्यांत बारगळले आहेत. मी स्वतः सिंहगडावर नियमित जाणाऱ्यांपैकी आहे, त्यामुळे माझे मत थोडे पक्षपाती वाटेल. तरी दुसरे ध्येय उत्तम आहे आणि पहिले मुळात व्यायामाचे ध्येय नाही, असे मला वाटते.

पहिल्याचा हिशेब करून पाहा. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० किलोकॅलरी. १२ किलोंच्या ९२,४०० होतात आणि त्या १८० दिवसांवर वाटल्या, तर रोज पाचशेहून थोडी अधिक तूट पडायला हवी. तुमच्या वजनाच्या माणसाने तासभर झपाझप चालले, तरी खर्च होतात त्या साधारण तीनशेच्या आसपास, आणि तेही रोज न चुकता चालल्यास. म्हणजे उरलेला मोठा भाग ताटातून कमी व्हायचा आहे. (गडावर पोहोचल्यावर कांदाभजी आणि पिठले-भाकरी खाल्ली, की चढाईचा हिशेब तिथेच चुकता होतो, हे वेगळे सांगायला नको.) शिवाय मीठ, पाणी, पोट साफ होणे न होणे यांमुळे वजन एका दिवसात किलोभर सहज इकडेतिकडे होते; काटा रोज पाहणारा माणूस अशा चढउतारांनीच निराश होतो. म्हणून वजनाचे उद्दिष्ट जेवणाच्या वहीत ठेवा, आठवड्यातून एकदाच सकाळी मोजा आणि सोबत कंबरेचा घेर लिहा. भारतीय पुरुषांसाठी तो ९० सेंटिमीटरच्या आत असावा, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

सिंहगडाचे ध्येय चांगले अशासाठी, की ते साधले की नाही याबद्दल वाद होऊ शकत नाही आणि त्यासाठी उद्या सकाळी काय करायचे, हे त्यातूनच ठरते. फक्त ते नेमके करून घ्या: आतकरवाडीच्या पायथ्यापासून पुणे दरवाजापर्यंत पायवाटेने, न बसता, वेळेची अट न घालता. वेळेची अट सध्या मुद्दाम टाळा. पहिल्या टप्प्यातच जोरात चढून धापा टाकत थांबणे, ही तिथे हमखास दिसणारी गोष्ट आहे. सोबत्याशी एक पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच गतीने चढले, तर थांबण्याची गरज क्वचितच पडते.

मधले टप्पे पुण्यातल्याच पर्वती टेकडीवर ठेवा. तिच्या १०३ पायऱ्या आज सलग चढून पाहा आणि वर पोहोचल्यावर श्वास पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो, ते घड्याळावर पाहून लिहून ठेवा. तुमची खरी सुरुवात तीच. त्यानंतर लागोपाठ दोन फेऱ्या, मग चार, मग सात-आठ, असे महिन्या-महिन्याचे लक्ष्य ठरवता येईल. तीन महिन्यांनी लक्ष्य फारच सोपे किंवा फारच अवघड ठरले, तर आकडा निःसंकोच बदला.

आठवड्याचा आराखडा जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या शिफारशींवर बेतता येतो: मध्यम श्रमाचा व्यायाम १५० ते ३०० मिनिटे आणि स्नायूंच्या बळकटीसाठी किमान दोन दिवस. हे दोन दिवस लोक सर्वांत आधी गाळतात आणि माझ्या मते संकल्प बारगळण्याचे मोठे कारण तेच आहे. दम काही आठवड्यांतच सुधारतो, स्नायूंना हाडांशी जोडणारे कंडरे मात्र बळकट व्हायला कित्येक महिने घेतात. परिणामी दुसऱ्या महिन्यात उत्साह वाढलेला असतो आणि नेमका तेव्हाच गुडघा किंवा टाच दुखू लागते. गुडघ्यांची कसोटी चढण्यापेक्षा उतरताना अधिक लागते, म्हणून उठाबशा सावकाश खाली जात करा आणि घरातल्या पायरीवरून एका पायाने हळू उतरण्याचा सराव ठेवा.

वेळ आणि जागा मात्र आताच ठरवा. ‘रोज व्यायाम करीन’ यापेक्षा ‘मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळचा चहा झाला, की बूट घालून खाली उतरीन’ असे ठरवलेले अधिक पाळले जाते, असे पीटर गॉल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाच्या संशोधनातून दिसते. सवयीला २१ दिवस पुरतात, या समजावर विसंबू नका. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८ तर कोणाला २५४ असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्यात आढळले. तेव्हा तुमचा दोन महिन्यांचा अडथळा मुळीच असाधारण नाही.

रक्तदाब किंवा साखरेचा त्रास असेल, अथवा घरात हृदयविकाराचा इतिहास असेल, तर सुरुवातीलाच डॉक्टरांना दाखवून घ्या. चढताना छातीत दुखले किंवा चक्कर आली, तर तिथेच थांबा. भर पावसात पायवाट निसरडी होते, म्हणून तोवर पर्वतीच पुरे. अखेरच्या चढाईसाठी नोव्हेंबरमधला रविवार टाळून आठवड्यातली एखादी सकाळ निवडा आणि त्या दिवसाची रजा आत्ताच टाकून ठेवा.