शेणकिडे विकत कुठे मिळतील?

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. पेडण्याला माझ्या नऊ गाई आहेत. पावसाळ्यात घरामागच्या माळावर चरतात. शेणाचे पो जिथल्या तिथे पडून राहतात, त्यांच्या भोवतालचं गवत गाई तोंडात धरत नाहीत, माश्यांचा ताप वेगळाच. मेलबर्नचा भाचा म्हणतो, तिकडे शेतकरी शेणकिडे विकत घेऊन कुरणात सोडतात. आपल्याकडे कुठे मिळतील? शेजारी मात्र म्हणतात, हे किडे माड खाऊन टाकतील.
— एक वाचक, पेडणे

उत्तर : विकत घेऊ नका. शेण मातीत पुरणारे हे भुंगे तुमच्या माळावर आहेतच, किंवा परवापरवापर्यंत होते.

भाचा सांगतो ते खरं आहे, पण ती अडचण तिथली. १७८८ मध्ये पहिली गुरं उतरली, तोवर ऑस्ट्रेलियात गाय नव्हती. तिथले मूळचे शेणकिडे कांगारूंच्या कोरड्या लेंड्यांवर पोसलेले. गाईचं पातळ शेण त्यांच्यातल्या बहुतेकांना चालेना. शेण साचलं, माश्या माजल्या. हंगेरीहून तिथे गेलेल्या जॉर्ज बोर्नेमिसा या कीटकशास्त्रज्ञाने हे हेरलं. त्याच्या पुढाकाराने सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून ४३ जाती सोडल्या, त्यातल्या २३ रुजल्या. शेणाबरोबर गुरांचे रोग येऊ नयेत म्हणून आणली ती फक्त अंडी, तीही औषधात धुऊन. मग हाताने वळलेल्या शेणाच्या गोळ्यांत ठेवून वाढवली. एवढा खटाटोप आपण कशाला करायचा? आपल्याकडे गाई, म्हशी, गवे पिढ्यान्पिढ्या आहेत (गवा तर गोव्याचा राज्यप्राणी), आणि त्यांच्या मागोमाग शेणकिडेही.

मग शेण पडून का राहतं? याचं एक उत्तर मला सत्तरी तालुक्यात एका म्हाताऱ्या गवळ्याने दिलं होतं. गोचिडांनी गुरं हैराण झाली म्हणून मी त्याच्या कळपाला आयव्हरमेक्टिन या गोचीड आणि जंत दोन्हींवरच्या औषधाची इंजेक्शनं दिली होती. पंधरा दिवसांनी भेटला तर म्हणाला, "डॉक्टर, सुई मारल्यापासून शेण जिरंना." मी हसलो. त्याने काही न बोलता मला शेजारच्या कळपाच्या चरणीत नेलं, तिथे सुई लागलेली नव्हती. काठीने पो उलटला. खाली तांबड्या मातीत पेन्सिल जाईल एवढी भोकं, तोंडाशी ओल्या मातीचे बारके ढीग, आणि एक काळा भुंगा, पुढचे पाय दंताळ्यासारखे, उजेड लागताच पाठमोरा बिळात. वीतभर उकरलं तर शेणाची घट्ट दाबलेली कांडी निघाली. मोडली तर आत तांदळाच्या कणीएवढं अंडं. त्याच्या स्वतःच्या चरणीतले पो वरून कडक, आतून हिरवे, आणि खाली भोक नाही. औषधाचा बराच भाग शेणावाटे बाहेर पडतो, आणि काही आठवडे त्या शेणात अळ्या तगत नाहीत. कॉलेजात हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि गवळ्याला ते कुणी शिकवायची गरज पडली नव्हती.

म्हणून आधी सांगा, गेल्या वर्षभरात गाईंना काय टोचलं किंवा पाठीवर काय ओतलं? डेल्टामेथ्रिनसारखी गोचिडांची औषधंही शेणात उतरतात. औषध बंद करा असं मी म्हणत नाही. गोचीड गाईचं रक्त पितो आणि थायलेरियासारखा तापही देतो. पण जंतांसाठी दर तीन महिन्यांनी ठोकून सुई नको. दवाखान्यात शेण तपासून घ्या, जंत निघाले तरच औषध द्या. जंतांना फेनबेंडाझोल चालतं आणि शेणकिड्यांना ते फारसं बाधत नाही. गोचिडांवर मात्र त्याचा उपयोग नाही. आयव्हरमेक्टिन द्यावंच लागलं, तर ती गाय तीन-चार आठवडे गोठ्यात ठेवा, तिचं शेण वेगळं कुजवा. शेणी थापायला माळावरचं सगळं शेण उचलत असाल तर थोडं राहू द्या. आणि जिथे उघडा कातळ आहे, तिथे भुंगा खणणार कुठे? तिथलं शेण खुशाल उचला.

आता शेजाऱ्यांचे माड. ते म्हणतात तो गेंड्या भुंगा, डोक्यावर शिंग असलेला, अंगठ्याएवढा. तो माडाचा कोंब पोखरतो हे खरं, पण त्याच्या अळ्या वाढतात खतखड्ड्यात आणि कुजक्या माडांच्या खोडांत. शेणकिडा माडावर चढत नाही. शेजाऱ्यांना त्यांचाच खतखड्डा उकरायला सांगा; पांढऱ्या, वाकड्या, जाड अळ्या निघाल्या तर त्यांना मारणारी मेटारायझियम बुरशी खतात मिसळायची.

आणि पहिला मोठा पाऊस झाला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एवढं करा : सकाळचा एक ताजा पो, खालच्या दोन बोटं मातीसकट, पाण्याने भरलेल्या बादलीत टाका आणि ढवळा. असतील तेवढे भुंगे वर तरंगतील. मोजून कळवा, आणि मोजून झाले की परत माळावर सोडा. बादलीतले तसेच राहिले तर बुडून मरतात.